ओंडक्यांवरून आलेलं गाव

रूळ आमच्या गावाला आलेच नाहीत.
दोन मैल उत्तरेने, ओढ्यापलीकडून, सरळ निघून गेले,
ओळखीचा माणूस मान न वळवता जातो तसे.
मग गावच उठलं आणि रुळांकडे गेलं.

नेब्रास्कातली गोष्ट. मी सात वर्षांची.
घरं नुसत्या फळ्यांची, दगडी पाया कुणालाच परवडलेला नव्हता,
त्यामुळे त्यांना हलायचं काही वाटलं नाही.
बाबांनी, म्हणजे मातियाश व्होंद्राचेक सुताराने,
कॉटनवुडचे बारा ओंडके खाली सरकवले,
हॅलोरनचे सोळा बैल जुंपले,
आणि आमचं दुकान, पाठीशी घर घेऊन, चालायला लागलं.
आईने चूल विझवली नाही.
राईचा पाव आत होता.
संध्याकाळी निघाला तो एका अंगाने फुगलेला.
आई म्हणाली, हा ओढ्याचा उतार.

नव्या जागी फक्त खुंट्या होत्या,
आणि खुंट्यांना किंमत होती.
कोपऱ्यावरची दीडशे डॉलर, मधली साठ.

स्टेशन मालगाडीतून आलं, तुकड्यातुकड्यांनी,
फळीफळीवर नंबर.
चार दिवसांत उभं राहिलं, तांबडं,
आधीच्या स्टेशनासारखं, पुढच्या स्टेशनासारखं.
आधीच्याचं नाव जे वरून होतं, म्हणून आमचं के वरून:
किटरेज.
हा किटरेज कोण, कुणालाच ठाऊक नव्हतं.
रेल्वेने आम्हाला नाव दिलं,
आम्ही रेल्वेला नावं ठेवली.

बँकेच्या भिंतींआधी बँकेची तिजोरी आली.
तीन आठवडे गवतात उभी,
आणि तिच्यासमोर खुर्ची टाकून, काळी छत्री उघडून,
प्रूइटसाहेब व्याजाचा दर सांगत बसलेले.
पुढे बँक जळाली तेव्हा तिजोरी पुन्हा तशीच,
उघड्यावर, फक्त गवत नव्हतं.

दारूचा गुत्ता तंबूत. खाली भुसा आमच्याच रंध्याचा.
रविवारी पिंपांवर चादर घालून तिथेच मेथडिस्टांची प्रार्थना.
चादर कमी पडायची.

दुकानांना तोंडदेखला दुसरा मजला,
वरच्या खिडक्या रंगवलेल्या, एकीत तर पडदाही.
गाडीतून बघणाऱ्याला शहर वाटावं म्हणून.
आम्ही पोरं मागच्या अंगणात खेळायचो,
आम्हाला टेकू दिसायचे.

बाबांच्या पाटीवर: फर्निचर व शवपेट्या.
फळी एकच, ते सांगायचे,
पाळण्याला खाली बाक द्यावा लागतो, एवढाच फरक.

हलायच्या दिवशी त्यांनी सगळं मोजलं होतं,
दारं, काचा, चुलीची नळी, आरीची पाती.
आईने एकच विचारलं, आणि बोहुश?
बोहुश सात महिन्यांचा होऊन गेला होता,
जुन्या गावामागे, रानआलुबुखाराच्या झुडपाखाली.
बाबा म्हणाले, सुगी झाली की आणू.

सुगी झाली. मग धान्याचं कोठार बांधायचं काम निघालं,
मग हॉटेलच्या अठ्ठावीस खाटा,
मग घटसर्पाचा हिवाळा, आणि बाबांना रात्री झोप नाही,
दुसऱ्यांच्या पोरांची मापं.
आईने पुन्हा विचारलं नाही.
बाबांनीही पुन्हा सुगीचं नाव काढलं नाही.

आता गाडी थांबत नाही. शिटीही देत नाही नीट.
मागच्या वर्षी तांबडं स्टेशन कुणीसं विकत घेतलं, कोंबड्यांसाठी,
ट्रॅक्टरला बांधून नेलं, अख्खं,
आणि मी ऐंशी वर्षांची म्हातारी रस्त्याकडेला उभी राहून
त्याच्या खाली ओंडके शोधत होते.

जुन्या गावाच्या जागी डीट्झचा मका आहे.
डीट्झ नांगरताना त्या झुडपाला वळसा घालायचा.
झुडूप कधीच वाळून गेलं.
त्याचा मुलगाही वळसा घालतो.
मी विचारलं त्याला, का रे?
म्हणाला, माहीत नाही बुवा,
बाप इथे वळायचा.